छत्रीच्या काड्यांवरची मालगाडी

चिपाडाचा धूर नाकात गेला की माझं डोकं फिरतं. बाकीच्या बायकांना म्हणे गुऱ्हाळाचा हंगाम लागला की माहेर आठवतं, गरम काकवी आठवते, चुलवाणाशेजारी शेकलेले हात आठवतात. मला माणसं आठवतात, आणि त्यातली निम्मी तरी ठार बिनडोक. यंदाही ओढ्यापलीकडं रस कढवायची मोठी काहील चुलवाणावर चढली आहे. दुपारी वारा इकडं फिरला की वाळत घातलेल्या लुगड्यांना गुळमट वास लागतो, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांवर काळी राख बसते. सून म्हणते, "किती छान वास येतो ना, आत्या?" मी खिडकी लावून घेते.

त्यात परवा पुण्याहून नातजावयाचा फोन. माणूस चांगला आहे, शिकलेला आहे, पगारदार आहे. फक्त घरातली एक अख्खी खोली त्यानं खेळातल्या रेल्वेला देऊन टाकली आहे. माझी नात म्हणते, "आजी, माझ्या कपाटाला जागा नाही, पण ह्यांच्या बोगद्याला आहे." तर हे गृहस्थ आता आमच्याच भागातली रेल्वे करायला निघालेत. पुणे-मिरज मार्गावरचं एक लहान स्टेशन, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. मला विचारतात, "आजी, फलाट झाला, झाडं झाली, सिग्नलसुद्धा झाला. मालगाडीत काय भरायचं तेवढं ठरत नाही. साखर कारखाना घालू का?"

"घाला की," मी म्हटलं. "तेव्हा नव्हता, पण तुमच्या खोलीत कोण तपासायला येतंय?"

त्यांना राग आला नाही. उलट मलाच समजावत बसले. म्हणाले, "आजी, नुसती गोल गोल फिरली तर ते खेळणं. गाडी खरी वाटायची तर कुठंतरी काहीतरी पिकलं पाहिजे आणि दुसरीकडं कुणाला तरी ते लागलं पाहिजे. म्हणून तिथं खरंच काय होत होतं ते मला हवंय." रेल्वेबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणं मी जन्मात एकदाच ऐकलं होतं, आमच्याच घराच्या पुढच्या सोप्यात, आणि बोलणाऱ्यानंच पुढं ते गुंडाळून ठेवलं. "सांगते नंतर," असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

बोलणारे होते सदाभावजी, माझे धाकटे दीर. आमचे मालक तेव्हा पलटणीबरोबर इराकात गेलेले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधीच्या लढाईचे पेन्शनर. मिशा, काठी आणि पेन्शन एवढ्यावर त्यांनी जन्म काढला. सदाभावजी सांगलीला राहून सुतारकाम शिकून आलेले, हातात कला अशी की बोटभर फळीतून बैलजोडी काढतील. पण सुतारकी करणं आपल्या घराण्याला शोभत नाही, हे मामंजींचं तत्त्व. परक्या मुलखात जाऊन गोळी खाणं शोभतं, घरात बसून खुर्ची करणं शोभत नाही. काय बोलायचं अशा माणसाला! त्यांनी पोराला मुदत घातली. शिमग्यापतोर कुठंतरी कामाला लागायचं, नाहीतर भरतीवाले येतील तेव्हा त्यांच्यापुढं जाऊन छाती काढायची.

तेव्हापासून आत्याबाईंचं, माझ्या सासूबाईंचं, स्वयंपाकातलं लक्ष उडालं. आमटीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडायचं. एक पोरगं समुद्रापलीकडं गेलेलं, हे तरी डोळ्यांपुढं राहावं, याशिवाय त्या बाईनं देवाकडं त्या हंगामात काही मागितलं नाही.

आणि एक वाट होतीही. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक खोली आणि एक लिंबाचं झाड. पॅसेंजर कशीबशी टेकायची. आधी गठुडं आत फेकायचं आणि मागनं आपण चढायचं. मालगाडी तर आमच्याकडं बघायचीसुद्धा नाही, कारण तिला उभं राहायला वेगळा रूळ नाही आणि माल चढवायला धक्का नाही. सगळ्या गावाचा गूळ बैलगाड्यांनी सांगलीला जायचा. बैलांचे खांदे सुजायचे, ढेपा वाटेत पाघळायच्या. गावानं रेल्वेकडं अर्ज केला होता, आम्हाला मालधक्का द्या. आणि पाटलांनी मामंजींना शब्द दिला होता, "धक्का झाला की तोलाईवर तुमचा सदा. मी बोललो म्हंजे बोललो." आत्याबाईंनी तो शब्द पदरात बांधून ठेवल्यागत सांभाळला.

दिवाळी उलटली आणि बातमी आली की रेल्वेचा मोठा साहेब अर्ज केलेली गावं बघायला येणार. झालं! गावाच्या अंगात आलं. शाळेतल्या मास्तरांनी कल्पना काढली, की गणपतीत करतात तसा एक देखावा करू, आपल्या स्टेशनाचा. मालधक्का झाल्यावर गाव कसं दिसेल ते साहेबाला डोळ्यांनी दिसू दे. कल्पना वाईट नव्हती. मास्तरांना आयुष्यात तेवढी एक सुचली, आणि तीही त्यांनीच नासवली.

सदाभावजींनी गोठ्यातली दोन जुनी दारं सोप्यात आणून जोडली आणि कामाला लागले. मोडक्या छत्र्यांच्या काड्या सरळ करून त्यांचे रूळ, बांबूच्या चिपा रुळांखाली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन, आणि त्याच्या पोटात पाटलांच्या बंद पडलेल्या ग्रामोफोनची स्प्रिंग. चावी दिली की गाडी घरघरत निघायची आणि एक फेरा पुरा करून कुरकुरत थांबायची. सोप्यात भुसा, सरसाचा वास, आणि दारातनं येणारा गुऱ्हाळाचा धूर. मी भाकरी थापता थापता उठून बघायला जायची.

तेव्हाच ते बोलले होते. "वैनी, गाडी जाताना बी भरलेली पायजे, येताना बी भरलेली पायजे. तरच रेल्वेला धक्का परवडंल." जातानाच्या डब्यांत त्यांनी गुळाच्या ढेपा ठेवल्या. आधी खऱ्या गुळाच्या केल्या, तर मुंग्यांनी रात्रीतून सगळी गाडी लुटली. मग मातीच्या करून हळदीनं पिवळ्या केल्या. हळदीची बोटभर पोती, भुईमुगाच्या शेंगांची पोती. आटपाडीकडचे धनगर हंगामात आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येतात, म्हणून एका उघड्या डब्यात मेंढरं. शेवरीच्या गाभ्याची, इतकी गोजिरवाणी, की आत्याबाई त्यांना बोट लावून हसल्या. येताना मीठ, रॉकेल, पेंड आणि उपड्या घातलेल्या काहिली. माझं गाव मला पहिल्यांदा वरून दिसलं. गरीब दिसलं, पण खरं दिसलं. आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

मग कमिटी बघायला आली. कमिटी म्हणजे पाटील, मास्तर, आणि साताऱ्याहून मुद्दाम बोलावलेले पाटलांचे साडू, वकीलसाहेब. काळा कोट, सोन्याची साखळी, आणि तोंड असं की आमच्या सोप्यात पाऊल ठेवून त्यांनी आमच्या सात पिढ्यांवर उपकार केले.

पाटलांनी डब्यात डोकावून पाहिलं. "मेंढरं? आरं सदा, साहेब येनार हाय का खाटीक?"

"आपल्याकडनं जात्यात की, आण्णा. मिरजंला जात्यात."

"जात्यात म्हनून दाखवायची? गाव टमरेल घिऊन बी जातंय सकाळच्या पारी, ते दाखवतोस का?"

मास्तर खोखो हसले. पाटील बोलले की मास्तरांनी हसायचं, असं काही त्यांच्या नोकरीत लिहिलेलं होतं की काय कोण जाणे. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "हे बघ सदाशिव, मनुष्याने दृष्टी विशाल ठेवावी. गूळ, हळद, शेंगा. अरे, ही काय मागासलेल्या खेड्याची शोभा झाली? साहेबाला उद्योगधंदे दिसले पाहिजेत. धुराडी दिसली पाहिजेत!"

आणि उद्योगधंदे ठरले. काय तर म्हणे, सूतगिरणी. आमच्या शिवारात कापसाचं बोंड औषधालाही नव्हतं. मास्तरांना भूगोलाचा सोस, त्यांनी कोळशाची खाण सुचवली. खाण निघाली तर पलीकडच्या कोपऱ्यात बंदर हवंच. बंदर! आमच्या कृष्णेत तराफ्यावरनं नाहीतर गुळाच्या काहिलीतनं माणसं पार करायची, आणि इथं दोन धुराड्यांचं जहाज नांगर टाकून उभं. वकीलसाहेबांनी त्यावर कळस चढवला. साहेब लोकांना महाबळेश्वर आवडतं, म्हणून एक डबा महाबळेश्वरच्या तांबड्या फळांचा. महाबळेश्वर कुठं, आमचं गाव कुठं, आणि त्या डोंगरावर रेल्वे कधी चढली? पण विचारणार कोण?

मी आतून ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. पुढं पुष्कळ वर्षं विचार करून मला त्या माणसांचं कोडं सुटलं. त्यांना वाटत होतं, साहेब पोरगी बघायला येतोय. आपल्याकडं मुलगी दाखवायची असली की शेजारणीची पुतळ्यांची माळ मागून आणतात, चुलतीच्या पाटल्या चढवतात, काळी असली तर संध्याकाळचा मुहूर्त धरतात. तसंच. उसन्या धुराड्यांनी गाव नटवायचं आणि साहेबानं हो म्हणायचं. अरे, पण तो नवरदेव नव्हता, तो हिशेबी माणूस होता. त्याला गावाचं रूप काय करायचं होतं? ओझं किती ते त्याला हवं होतं.

पण सगळा राग कमिटीवर काढून कसं चालेल? सदाभावजींनी ऐकलंच का? त्यांना दोन शब्द कौतुकाचे बोलले, साताऱ्याहून रंगाचे डबे आणून दिले, "सदा म्हंजे इंजिनियर हाय आमचा" असं चारचौघांत म्हटलं, आणि गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर! मी मेंढरांचा डबा हातात धरून त्यांना म्हटलं, "भावजी, हे काढू नका. ह्यात तुमचं पोट हाय."

"वैनी, तुमास्नी न्हाई कळायचं. साहेबाला आदी आवडलं पायजे."

"आवडून काय करायचंय? साहेब काय लगीन लावनार हाय तुमच्या गाडीसंगं?"

ते हसले आणि ब्रश धुवायला गेले. मेंढरं कोनाड्यात गेली, ढेपा फेकून दिल्या. गिरणीच्या धुराड्याला मात्र त्यांनी असा रंग दिला की लांबून खरं वाटावं.

सदाभावजी ब्रह्मदेशातून परत आले नाहीत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं सांगायला माझ्यात बळ उरेल का नाही माहीत नाही. मालक आले, ते आले नाहीत. त्यांच्यावर मी अजूनही चिडते. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी यावं आणि दरवर्षी हा धूर नाकात घेऊन बघावा.

साहेब यायच्या आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली: उद्या गुऱ्हाळं बंद. चुलवाण पेटवायचं नाही, चरक फिरवायचा नाही, गुळाची गाडी रस्त्यावर आणायची नाही. का? तर धुरानं साहेबाचे डोळे चुरचुरतील, माश्या घोंगावतील, चिपाडानं बूट घाण होतील. जगात कुठल्या गावानं असा पराक्रम केला असेल? ज्या गुळासाठी धक्का मागायचा, तो गूळच त्या दिवशी गावानं लपवला! ज्यांचा रस काढून झाला होता त्यांचा रस आंबला, तो त्यांनी ओढ्यात ओतला. आमच्या गुळव्यानं काहिलीवर पोतं टाकलं आणि म्हणाला, "कुनाचं सुतक म्हनायचं ह्ये?" मामंजींनी त्यालाच झापलं.

साहेब आला. गोरा नव्हता, आपल्यातलाच होता, किडकिडीत, डोक्यावर टोपी, हातात छत्री. चावडीत देखावा मांडलेला. मी आणि आत्याबाई चहा आणि शिरा घेऊन मागच्या दाराशी उभ्या. हार झाले, मास्तरांचं भाषण झालं, आणि सदाभावजींनी चावी दिली. गाडी निघाली. साहेब लहान पोरासारखा खूश झाला, खरंच झाला. खाली वाकून त्यानं बोगद्यातून बघितलं, पुन्हा चावी द्यायला लावली. आत्याबाईंनी माझा दंड गच्च धरला होता. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती, बहुतेक जोतिबाला काहीतरी बोलत असतील.

मग साहेब उभा राहिला. "सुंदर. फार सुंदर काम आहे. आता ही गिरणी मला दाखवा."

पाटील म्हणाले, "व्हनार हाय, साहेब."

"आणि खाण?"

"ती बी व्हनार हाय. समदं व्हनार हाय."

बंदराबद्दल त्यानं विचारलं नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात होती. तो दाराशी गेला आणि बाहेर बघू लागला. स्वच्छ आभाळ, झाडलेला रस्ता, ना गाडी ना धूर. "आत्ता, आजच्या घडीला, इथून काय जातं?"

मला वाटलं, आता सदाभावजी बोलतील. चावी त्यांच्या हातात होती, तोंड उघडलंही होतं. पण पाटलांच्या आधी पाटलांच्या चावडीत बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आणि पाटील काय बोलले? "छ्या! आज काय जातंय साहेब, शेतकरी मानसं आमी. किरकोळ गूळ-बीळ." ज्या गुळावर त्यांचा वाडा उभा होता तो किरकोळ! मी पुढं सरकले होते. आत्याबाईंनीच मला मागं ओढलं. बायकांनी चावडीत बोलावं, हे त्यांनाही झेपलं नसतं.

साहेबानं शिरा खाल्ला, चहा घेतला, सदाभावजींची पाठ थोपटली. जाताना शांतपणे म्हणाला, "गिरणी झाली की पुन्हा अर्ज करा. किरकोळ मालासाठी रेल्वे रूळ टाकत नाही." ते त्याचं बरोबरच होतं. मला त्याचा राग आजही येत नाही. सगळ्या गोष्टीत राग न येण्यासारखा तेवढा एकच माणूस.

कमिटीला काय वाटलं असेल? काही नाही! "साहेब खूश झाला, दोनदा चावी द्याला लावली," हेच पंचक्रोशीत सांगत हिंडले. देखावा पाटलांच्या सदरेवर गेला. पुढं गणपतीत त्याला दिवे लावले, पलूसहून माणसं बघायला आली. आणि मामंजींनी शिमग्याची वाट बघायला सुरुवात केली. घरात कुणी भांडलं नाही. सदाभावजी शांतपणे सोपा झाडायचे, हत्यारांना तेल लावायचे. एकदा आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "पळून जा रं कुठंतरी, मुंबैला जा." ते म्हणाले, "आये, आबाचं नाक जाईल." नाक! त्या नाकासाठी या मुलखातल्या किती आयांनी पोरं घालवली असतील.

शिमगा झाला. भरतीवाले आले, छात्या मोजल्या, दात बघितले, आणि आमच्या गावातली नि आसपासच्या वाड्यांची मिळून बरीच पोरं निवडली. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी सगळं गाव स्टेशनात. हलगी, लेझीम, गुलाल. आणि मी बघतच राहिले. आमची ती कधी धड न थांबणारी पॅसेंजर आली आणि उभी राहिली. मागं एक रिकामा डबा मुद्दाम जोडून आणलेला. हवालदार एकेकाचं नाव पुकारत होता, पोरं एकेक करून आत जात होती, आणि गार्ड हिरवा बावटा गुंडाळून निवांत उभा होता. घाई नाही, शिट्टी नाही. सदाभावजी आत्याबाईंच्या पाया पडले, मला म्हणाले, "वैनी, आयेला बघा," आणि गर्दीत मिसळले. मामंजींनी सलाम ठोकला. त्यांच्याकडं मला बघवेना.

तेवढ्यात पाटील आले, फेटा, गुलाल, हातात उरलेले हार. तोंडभर हसत आत्याबाईंना म्हणाले, "बघा वैनी, बघा! आपल्या गावासाठनं गाडी कशी थांबलीया. हलायचं नाव न्हाई!"

आत्याबाईंनी जन्मात पाटलांपुढं मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"थांबंल की, आण्णा. आज भरायला माल हाय न्हवं."

पाटील मोठ्यानं हसले. "ऐकलंसा का मास्तर? वैनी काय म्हनत्यात बघा!" मग मास्तरही हसले. गार्डानं शिट्टी दिली, डबा हलला, तरी ते दोघं हसतच होते.